तांबड्या पेशींवर पॉलिमरचं आवरण: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

रक्तगटाचा अँटिजन, म्हणजे तांबड्या पेशीवरची ज्यावरून रक्तगट ओळखला जातो ती खूण, पॉलिमरखाली झाकण्याचा प्रयोग कागदावर फार सोपा वाटतो. पेशी धुवायच्या, बफरमध्ये घ्यायच्या, पावडर घालायची, तासभर ठेवायचं, पुन्हा धुवायचं आणि अँटिसेरा (त्या अँटिजनविरुद्धच्या अँटिबॉडी असलेलं द्रव) टाकून बघायचं. प्रकल्प करणारे बरेचसे विद्यार्थी एवढंच करतात. ट्यूब हलवून बघतात, गुठळी दिसत नाही आणि वहीत लिहून मोकळे होतात: ‘अँटिजन झाकला गेला.’

घोटाळा होतो तो इथेच. गुठळी न दिसण्याला निदान चार कारणं असू शकतात. अँटिजन खरोखर झाकला गेला असेल. अँटिबॉडी पेशीला बसली असेल, पण पॉलिमरमुळे दोन पेशी जवळच येत नसतील. धुताना निम्म्या पेशी फुटून किंवा वाहून गेल्या असतील. किंवा तुमचा अँटिसेरा किंवा कूम्ब्स रिएजंट (पेशीवर बसलेल्या अँटिबॉडीला धरून गुठळी घडवणारं द्रव) निकामी झाला असेल. ही चारही कारणं वेगळी काढता येतील अशा रीतीने प्रयोग पहिल्या दिवसापासून मांडावा लागतो. शेवटी सुचलेला कंट्रोल मागे जाऊन लावता येत नाही.

खालची पद्धत मेथॉक्सी पॉलिइथिलीन ग्लायकॉलसाठी आहे, म्हणजे एमपीईजीसाठी, आणि त्यातही एनएचएस एस्टर प्रकारच्या, म्हणजे ज्याचं एक टोक प्रथिनांना चिकटण्यासाठी सक्रिय केलेलं असतं. साध्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी हीच आहे. हे सगळं संशोधनापुरतं. अशा पेशी रुग्णाला द्यायला मान्यता मिळालेली नाही. रक्त माणसाचं असल्यामुळे संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि दात्याची लेखी संमती ट्यूब हातात घेण्याआधीच झालेली हवी.

टप्पा १: कोणता अँटिजन, ते आधी ठरवा

नवशिक्यांनी आरएच-डीपासून सुरुवात करावी. ए किंवा बीपासून करू नये.

कारण सरळ आहे. डी अँटिजन हे पेशीच्या पडद्यात रुतलेलं प्रथिन आहे. त्याला साखरेच्या फांद्या नसतात आणि त्याचा बाहेर डोकावणारा भाग तोकडा असतो. शिवाय एका पेशीवर त्याच्या जागा साधारण १० ते ३० हजारच. आजूबाजूच्या प्रथिनांना लांब साखळीचं पॉलिमर बसलं की डी त्याच्या सावलीत येतो. ए१ पेशीवर मात्र ए अँटिजनच्या जागा ८ ते १२ लाखांच्या घरात असतात. त्या साखरेच्या साखळ्यांच्या टोकाला असतात, म्हणजे पृष्ठभागापासून वर उचललेल्या. काही प्रथिनांवर, काही थेट लिपिडवर. एनएचएस एस्टर प्रथिनातल्या अमाइनला चिकटतो, साखरेला नाही. त्यामुळे ए आणि बी पूर्ण झाकणं फार अवघड जातं, आणि त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी तर वेगळ्या गटाच्या माणसाच्या रक्तात आधीपासून तयारच असतात.

मुंबईत हा विषय निघाला की कोणीतरी बॉम्बे रक्तगट काढतोच, म्हणजे ज्यांच्या पेशींवर एच अँटिजनसुद्धा (ए आणि बीचा पाया) नसतो त्यांचा गट. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथेच नोंदवलेला गट, तेव्हा ते स्वाभाविकही आहे. पण त्या व्यक्तींच्या रक्तात अँटि-एच असते आणि ओ गटाच्या पेशींवर एच अँटिजन खच्चून भरलेला असतो. म्हणजे ए-बीच्या सगळ्या अडचणी तिथेही आहेत. पहिला प्रयोग तो नसावा.

पॉलिमरची लांबीही आत्ताच ठरवा. ५ किलोडाल्टन आणि २० किलोडाल्टन या दोन्ही लांबीच्या साखळ्या मिळतात. डीसाठी २० किलोडाल्टनची उजवी ठरते. ५ किलोडाल्टनची तुलनेसाठी ठेवा.

टप्पा २: पावडर मागवताना आणि बाटली उघडताना

मागणीपत्रात ‘पीईजी’ एवढंच लिहू नका. तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: एका टोकाला मेथॉक्सी, दुसऱ्या टोकाला सक्सिनिमिडिल व्हॅलरेट (एसव्हीए), आणि रेणुभार. दोन्ही टोकं सक्रिय असलेली पावडर चुकून आली, तर एकच साखळी दोन पेशींना शिवते आणि अँटिसेरा न घालताच ट्यूबमध्ये ढेकूळ तयार होतं.

एनएचएस एस्टरला पाणी लागलं की तो मरतो. एसव्हीए त्यातल्या त्यात टिकाऊ, तरी पीएच ८ला आणि २५ अंशांना त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा एस्टर संपायला लागणारा वेळ, जेमतेम अर्ध्या तासाचं. म्हणून:

१. बाटली उणे २० अंशांना, सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा.
२. वापरायच्या दिवशी डबा बाहेर काढून न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. अर्धा-पाऊण तास लागतो.
३. बाटली पहिल्यांदा उघडाल तेव्हाच छोट्या कोरड्या कुप्यांत वाटून ठेवा. एका प्रयोगाला एक कुपी.

दुसरी पायरी वगळली जाते ती घाईमुळे. जुलैत कोकणपट्टीतल्या कुठल्याही प्रयोगशाळेत गार बाटली उघडून बघा, काचेच्या आतल्या बाजूला लगेच दव धरतं. ते पाणी थेट पावडरीत जातं. पावडर पांढरीच दिसते, वजनही भरतं, पण तिच्यात दम उरलेला नसतो.

*तपासा:* पावडर जिवंत आहे का, हे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कळतं. २० किलोडाल्टनची पावडर मिलीलिटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात बफरमध्ये विरघळवा (म्हणजे ०.१ मिलीमोलर) आणि लगेच २६० नॅनोमीटरवर वाचन घ्या. मग त्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घालून पाचेक मिनिटांनी पुन्हा घ्या. सुटलेला एनएचएस या तरंगलांबीला प्रकाश शोषतो. सगळा एस्टर जिवंत असेल तर १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये दोन वाचनांतला फरक १च्या जवळपास जातो. पहिलंच वाचन चढं आणि फरक किरकोळ, तर ती कुपी फेकू नका. तिच्यावर ‘मृत’ असं लिहून ठेवा, पुढे कंट्रोलला कामी येते.

टप्पा ३: बफर

यात एकच नियम कडक आहे: अमाइन असलेलं काहीही नको. ट्रिस नको, ग्लायसिन नको. सवयीने ट्रिसची बाटली उचलली जाते आणि मग सगळं पॉलिमर ट्रिसलाच चिकटून बसतं. अ‍ॅझाइड घातलेला जुना बफरही टाळा.

नेहमीची कृती अशी: ५० मिलीमोलर डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट आणि १०५ मिलीमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ८.०. एका लिटरला निर्जल फॉस्फेट ८.७१ ग्रॅम आणि मीठ ६.१४ ग्रॅम. कपाटात ट्रायहायड्रेट असेल तर ८.७१ नव्हे, ११.४१ ग्रॅम लागेल. लेबल वाचा. पीएच खाली आणायला त्याच तीव्रतेचं मोनोपोटॅशियम फॉस्फेट थेंबाथेंबाने घाला.

पीएच ८च का? लायसिनचं अमाइन प्रोटॉन सोडून मोकळं झाल्याशिवाय एस्टरवर हल्ला करत नाही, म्हणून ७.४ला काम मंद चालतं. ८.५च्या पुढे पाणीच एस्टर खाऊन टाकतं, आणि पेशींनाही ते मानवत नाही.

*तपासा:* ऑस्मोमीटर असेल तर वाचन घ्याच. नसेल तर थोड्या पेशी तासभर नुसत्या या बफरमध्ये ठेवा, फिरवा आणि वरचं द्रव पांढऱ्या कागदापुढे धरा. गुलाबी झाक दिसली तर पॉलिमर घालायच्या आधी बफर दुरुस्त करा.

टप्पा ४: रक्त आणि पहिलं धुणं

ताजं रक्त घ्या, ईडीटीए किंवा सायट्रेटमधलं, शक्यतो त्याच दिवसाचं. रक्तपेढीतली मुदत संपलेली पिशवी फुकट मिळते म्हणून मोह होतो. पण ३५ किंवा ४२ दिवस साठवलेल्या पेशी आधीच काटेरी आणि ताठ झालेल्या असतात. नंतर नुकसान दिसलं तर ते साठवणीचं की पॉलिमरचं, हे सांगता येत नाही.

१. फिरवून प्लाझ्मा आणि वरची पांढरी साय, म्हणजे बफी कोट, काढून टाका. साय काढताना थोड्या तांबड्या पेशी गेल्या तरी चालतील.
२. ०.९ टक्के सलाइनने तीनदा धुवा. दर वेळी पेशींच्या किमान पाचपट सलाइन.
३. शेवटचं धुणं टप्पा ३मधल्या बफरने.
४. गोळा झालेल्या पेशींचं हिमॅटोक्रिट (एकूण आकारमानात पेशींचा टक्का) मोजा. अंदाजाने ‘१०० टक्के’ धरू नका.

प्लाझ्मातलं अल्ब्युमिन लायसिनने भरलेलं असतं. ते मागे राहिलं तर पेशींच्या आधी पॉलिमर तेच पळवतं.

फेऱ्यांची संख्या लिहिण्यापेक्षा ‘जी’ लिहा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर पडतो ते. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर मिनिटाला २,४५० फेरे म्हणजे सुमारे १,००० जी. शेजारच्या खोलीतल्या सेंट्रिफ्यूजवर तेच फेरे ठेवले तर जी वेगळा येईल.

प्लाझ्मा फेकू नका. त्याच दात्याचा प्लाझ्मा टप्पा ९ला लागणार आहे.

टप्पा ५: हिशेब

गोंधळ सगळ्यांत जास्त इथे होतो, कारण ‘१ मिलीमोलर पॉलिमर’ म्हणजे कशाच्या प्रमाणात, हे लिहायचं राहून जातं. आपण ते नेहमी एकूण आकारमानावर धरू आणि हिमॅटोक्रिट १२ टक्क्यांवर कायम ठेवू.

१ मिलीलिटरची एक ट्यूब घ्या. १२ टक्के म्हणजे १२० मायक्रोलिटर निव्वळ पेशी. धुतलेल्या गोळ्याचं हिमॅटोक्रिट ८० टक्के आलं असेल तर १५० मायक्रोलिटर गोळा लागेल. उरलेल्या ८५० मायक्रोलिटरमधला ४५० बफर पेशींत मिसळा आणि ४०० मायक्रोलिटर पॉलिमर विरघळवायला राखून ठेवा. २० किलोडाल्टनचं १ मिलीमोलर म्हणजे या ट्यूबला २० मिलिग्रॅम. ०.५ला १० मिलिग्रॅम, २ला ४० मिलिग्रॅम. ५ किलोडाल्टनच्या पावडरीला याच्या चौथाई.

हिमॅटोक्रिटवर एवढा जोर का, तेही पाहू. एका पेशीचं आकारमान ९० फेम्टोलिटर धरलं तर या ट्यूबमध्ये सुमारे १३३ कोटी पेशी आहेत. १ मिलीमोलर पॉलिमर म्हणजे दर पेशीमागे साधारण ४५ कोटी रेणू. त्यातले बहुतेक पाण्यात मरतात, थोडेच पेशीवर बसतात. हिमॅटोक्रिट चुकून २४ टक्के झालं तर तीव्रता तीच राहते, पण प्रत्येक पेशीचा वाटा निम्मा होतो. ‘मागच्या वेळी जमलं, या वेळी नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

ट्यूब किती लावायच्या? कमीत कमी या:

१. पेशी सलाइनमध्ये, बाजूला ठेवलेल्या.
२. पेशी बफरमध्ये, पॉलिमर नाही, बाकी सगळं तसंच.
३. पेशी आणि मेलेलं पॉलिमर. पावडर बफरमध्ये विरघळवून रात्रभर ठेवली की एस्टर संपतो, पण साखळी आणि सुटा एनएचएस दोन्ही तिथेच राहतात.
४. पेशी आणि जिवंत पॉलिमर: ०.५, १ आणि २ मिलीमोलर.
५. डी-निगेटिव्ह दात्याच्या पेशी, जिवंत पॉलिमरसकट.

तिसरी ट्यूब वगळण्याकडे कल असतो. ती वगळलीत तर दिसलेला परिणाम चिकटलेल्या पॉलिमरचा की नुसत्या सभोवती असलेल्या पॉलिमरचा, हे कधीच कळणार नाही.

टप्पा ६: अभिक्रिया

आधी पेशी तयार, मग पावडरीला पाणी. हा क्रम उलटा झाला की प्रयोग गेला.

१. सगळ्या ट्यूबमध्ये पेशी आणि बफर मिसळून २२ ते २५ अंशांना आणून ठेवा.
२. पावडर आधीच तोलून कोरड्या ट्यूबमध्ये ठेवलेली असू द्या.
३. एका वेळी एकाच ट्यूबची पावडर ४०० मायक्रोलिटर बफरमध्ये विरघळवा. झटकन, पण फेस न आणता.
४. लगेच, मिनिटभराच्या आत, हलत्या पेशींत घाला. एका हाताने ट्यूब हळू फिरवत, दुसऱ्या हाताने पिपेट.
५. झाकण लावून रोटेटरवर मंद गतीने एक तास.

*इशारा:* पॉलिमर कधीही खाली बसलेल्या पेशींच्या गोळ्यावर ओतू नका. वरच्या पेशींना भरपूर मिळतं, तळच्या कोरड्या राहतात. पुढे फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) एकाऐवजी दोन शिखरं दिसतात आणि ‘अर्धवट झाकलं गेलं’ असा चुकीचा अर्थ काढला जातो.

२ मिलीमोलरसाठीचं द्रावण चांगलंच दाट होतं. साध्या टिपने ओढताना ४०० म्हणून ३५० येतात. टिपचं टोक थोडं कापा, सावकाश ओढा, सावकाश सोडा आणि टिप तिथल्याच मिश्रणात दोनदा खळबळा.

‘खोलीचं तापमान’ हा शब्द जपून वापरा. परदेशी निबंधात ते २२ अंश असतं. मे महिन्यात नागपूरला वीज गेलेल्या प्रयोगशाळेत ते ३८ असू शकतं आणि तिथे एस्टर कितीतरी लवकर संपतो. पाण्याचं भांडं आणि थर्मामीटर घेऊन २५ अंश धरून ठेवा.

*तपासा:* तास संपल्यावर एका ट्यूबचा पीएच पट्टीवर बघा. एस्टर तुटताना आम्ल सुटतं. पीएच ७.५च्या खाली घसरला असेल तर बफर कमकुवत बनला आहे.

टप्पा ७: सुटं पॉलिमर काढून टाकणं

या टप्प्याला कोणी फारसं महत्त्व देत नाही, आणि निकाल बिघडवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. गंमत अशी की रक्तपेढीत हेच पीईजी नेमक्या उलट कामासाठी वापरतात: अँटिबॉडी पेशीवर लवकर बसावी म्हणून कूम्ब्स तपासणीत ते घालतात. पेशीला चिकटलेलं पीईजी लपवतं, द्रवात सुटं राहिलेलं पीईजी पेशींना एकमेकींवर ढकलतं. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असली तर निकालाला अर्थ उरत नाही.

१. फिरवण्याआधी ट्यूबमधलं मिश्रण सलाइनने दसपट पातळ करा. दाट द्रावणात पेशी नीट खाली बसत नाहीत.
२. १,००० जी, १० मिनिटं. वरचं द्रव पिपेटने काढा. ट्यूब उपडी करू नका, आवरण बसलेल्या पेशींचा गोळा सैल असतो.
३. आणखी तीनदा सलाइनने धुवा. शेवटच्या धुण्यात १ टक्का बोव्हाइन अल्ब्युमिन घाला, चुकूनमाकून जिवंत राहिलेला एस्टर ते टिपून घेतं.
४. पहिल्या दोन धुण्यांचं द्रव ठेवून द्या. त्यातलं हिमोग्लोबिन मोजायचं आहे.

*तपासा:* प्रत्येक ट्यूबमध्ये आता पेशी किती उरल्या, ते मोजा. कंट्रोलपेक्षा बऱ्याच कमी असतील तर पुढच्या तपासण्यांसाठी सगळ्या ट्यूब पेशींच्या संख्येने समान करून घ्या. कमी पेशींची गुठळीही कमीच दिसते.

टप्पा ८: पेशी धड आहेत का

झाकलेली पण मेलेली पेशी कामाची नाही. हिमोलिसिस मोजताना नुसतं वरच्या द्रवातलं हिमोग्लोबिन देऊ नका. टक्केवारी अशी काढा: १००मधून हिमॅटोक्रिट वजा करा, त्याला वरच्या द्रवातल्या हिमोग्लोबिनने गुणा, आणि एकूण हिमोग्लोबिनने भागा. समजा हिमॅटोक्रिट १२, एकूण हिमोग्लोबिन लिटरला ४० ग्रॅम आणि वरच्या द्रवात ०.२ ग्रॅम. ८८ गुणिले ०.२, भागिले ४०, म्हणजे ०.४४ टक्के. साठवणीच्या अखेरीस रक्तपिशवीसाठी युरोपात ०.८ टक्के आणि अमेरिकेत १ टक्का ही मर्यादा मानतात, तीच डोळ्यांपुढे ठेवा. हिमोग्लोबिन मोजायला ड्रॅबकिनचं द्रावण वापरत असाल तर त्यात सायनाइड आहे. त्याचा कचरा आम्लाच्या बाटलीत जाऊ देऊ नका.

सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी पेशी दिसल्या तर लगेच पॉलिमरला दोष देऊ नका. काचेला टेकल्यामुळेही पेशी काटेरी होतात. थोडं अल्ब्युमिन घालून पुन्हा बघा, आणि टप्पा ५मधल्या २ क्रमांकाच्या ट्यूबच्या (पॉलिमर नसलेल्या) पेशी शेजारी ठेवून बघा.

ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी (मीठ कमी कमी करत नेलं की पेशी कुठे फुटतात, ती चाचणी) जमत असेल तर करा. बाकी महागड्या चाचण्या नंतर.

टप्पा ९: आवरण बसलं का

अँटिबॉडीला हात लावण्याआधी हे स्वतंत्रपणे सिद्ध करा. सगळ्यांत स्वस्त उपाय: टप्पा ४ला राखून ठेवलेला त्याच दात्याचा प्लाझ्मा. प्रत्येक ट्यूबच्या थोड्या पेशी त्यात मिसळा, एक थेंब काचपट्टीवर घ्या, कव्हरस्लिप ठेवा आणि मिनिटभर स्थिर राहू द्या. साध्या पेशी रुपयांच्या चवडीसारख्या एकीला एक लागून रांगा करतात आणि रांगांची जाळी तयार होते. आवरण बसलेल्या पेशी सुट्या राहतात, बोटाने कव्हरस्लिप हलकेच दाबली की एकेक वेगळी घरंगळते. मेलेल्या पॉलिमरच्या ट्यूबमध्ये रांगा दिसल्याच पाहिजेत. दिसल्या नाहीत तर तुमचं धुणं अपुरं आहे, टप्पा ७ला परत जा.

झीटा पोटेन्शियल, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागाजवळचा विद्युतदाब, मोजायची सोय असेल तर विद्युतक्षेत्रात पेशींचा वेग कमी झालेला दिसेल. फ्लोरोसंट पीईजीने किती साखळ्या बसल्या, तेही मोजता येतं. पण चवडीची चाचणी चुकली असेल तर या यंत्रांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

टप्पा १०: अँटिजन झाकला का

आता मूळ प्रश्न. घाई न करता चार पायऱ्यांत जा, आणि चारही केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

*पहिली पायरी, साधी गुठळी.* आयजीएम प्रकारच्या (स्वतःच गुठळी करू शकणाऱ्या) अँटि-डीची दुप्पट-दुप्पट पातळ केलेली मालिका लावा. एकाच तीव्रतेवर ‘४ प्लस’ (सगळ्यांत जोरदार गुठळी) आणि ‘०’ लिहून थांबू नका, टायटर काढा, म्हणजे किती पातळ करेपर्यंत गुठळी दिसते ते. एका ट्यूबचा फरक हा हाताचा फरक असू शकतो. दोन किंवा जास्त ट्यूबचा फरक असेल तरच त्याला बदल म्हणा.

इथे टायटर घसरलेलं दिसेल. पण लक्षात घ्या, गुठळी होण्यासाठी एका अँटिबॉडीने दोन पेशींना धरावं लागतं. पॉलिमरने पेशींमधलं अंतर वाढवलं की अँटिबॉडी एका पेशीवर बसूनही दुसरीपर्यंत पोहोचत नाही. ही पायरी म्हणजे फक्त सुरुवात.

*दुसरी पायरी, कूम्ब्स.* आयजीजी प्रकारची अँटि-डी, ३७ अंश, मग धुणं, मग अँटि-ह्यूमन ग्लोब्युलिन (हाच कूम्ब्स रिएजंट). दोन वेळा लावा: एकदा १५ मिनिटं, एकदा ६० मिनिटं. आवरण अँटिबॉडीला उशीर करतं की अडवतं, हे वेळ वाढवल्यावरच कळतं. जो नमुना १५ मिनिटांना निगेटिव्ह आणि ६०ला पॉझिटिव्ह, त्याला झाकलेला म्हणू नका.

प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये कूम्ब्स कंट्रोल सेल्स (आधीच आयजीजी बसवलेल्या पेशी) घाला. त्यांची गुठळी झाली नाही तर रिएजंट निकामी आहे आणि ती निगेटिव्ह बाद. रक्तपेढीत हे रोज करणारे तंत्रज्ञही संशोधनाच्या ट्यूबला ते करत नाहीत, का कोण जाणे.

जेल कार्डवर (ज्यात गुठळी जेलमध्ये अडकते आणि सुट्या पेशी तळाला जातात) भिस्त ठेवू नका. सुट्या, निसरड्या पेशी जेलमधून सहज तळाला जातात आणि खोटी निगेटिव्ह देतात.

*तिसरी पायरी, फ्लो सायटोमेट्री.* थेट फ्लोरोसंट लावलेली अँटि-डी वापरा. आधी साधी अँटिबॉडी आणि मग फ्लोरोसंट अँटि-आयजीजी, असं दोन टप्प्यांत केलं तर दुसऱ्या अँटिबॉडीलाही तेच आवरण अडवतं. पहिली बसलेली असूनही चमक येत नाही. हाच आक्षेप कूम्ब्सलाही लागू आहे, म्हणून दुसरी पायरी एकटी पुरत नाही. अहवालात ‘किती टक्के पॉझिटिव्ह’ देऊ नका, मध्यक चमक द्या. गेटची, म्हणजे पॉझिटिव्ह कुठून धरायचं याची, रेघ जराशी सरकवली की टक्केवारी हवी तशी येते.

*चौथी पायरी, इल्युशन.* यंत्र नसलं तरी ही करता येते आणि सगळ्यांत बोलकी हीच आहे. मोजून समान केलेल्या पेशींना अँटि-डी लावा, सहा वेळा धुवा, आम्लीय ग्लायसिनने बसलेली अँटिबॉडी सोडवा आणि ते द्रव उदासीन करून साध्या डी-पॉझिटिव्ह पेशींवर तपासा. शेजारी शेवटच्या धुण्याचं पाणीही तपासा, ते निगेटिव्हच यायला हवं. ट्यूबमध्ये गुठळी नव्हती, पण इल्युएट (ते सोडवून घेतलेलं द्रव) दणदणीत पॉझिटिव्ह आलं, तर अँटिबॉडी बसली होती. तुम्ही अँटिजन झाकला नाही, फक्त पेशी एकमेकींपासून दूर ठेवल्या.

हा फरक पुस्तकी नाही. शरीरात प्लीहेतल्या भक्षक पेशींना गुठळीची गरज नसते. आयजीजी बसलेली एकटी तांबडी पेशीही त्या ओळखून गिळतात. सोय असेल तर मोनोसाइट मोनोलेयर चाचणी (भक्षक पेशी या तांबड्या पेशी गिळतात का, ते बघणारी) इथे लावावी.

फसलं तर कुठे शोधायचं

काहीच बदल नाही, रांगाही होतात: पावडर मेली आहे किंवा बफरमध्ये अमाइन आहे. २६० नॅनोमीटरची तपासणी करा, बफर नव्याने बनवा.

रांगा होत नाहीत, पण फ्लोवर चमक जवळपास तशीच: आवरण बसलंय, पण विरळ आहे किंवा साखळी छोटी आहे. हिमॅटोक्रिट पुन्हा मोजा, मग तीव्रता वाढवा, मग २० किलोडाल्टन.

डी-निगेटिव्ह पेशीही चमकतात: अँटिबॉडी कुठेही चिकटते आहे किंवा पेशी खराब आहेत. बाकी सगळे आकडे तूर्त बाजूला ठेवा.

सगळं जमलं, पण एखाद्याच्या सीरममध्ये या पेशी पॉझिटिव्ह येतात आणि साध्या पेशी निगेटिव्ह: अँटि-पीईजी अँटिबॉडीची शंका घ्या. सौंदर्यप्रसाधनं, औषधं यांतून पीईजी सगळ्यांच्याच संपर्कात येतं आणि काहींच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडी असतात. सीरममध्ये आधी सुटं एमपीईजी मिसळून चाचणी पुन्हा लावा. प्रतिक्रिया विझली तर शंका खरी.

साठवण आणि कचरा

आवरण घातलेल्या पेशी अ‍ॅडिटिव्ह द्रावणात (तांबड्या पेशी साठवायच्या द्रावणात) २ ते ६ अंशांना ठेवा. हिमोलिसिस आणि अँटिबॉडीचं बसणं, दोन्ही पहिल्या दिवशी मोजा, मग आठवड्याने. फक्त पहिल्या दिवसाचे आकडे देऊन ‘टिकाऊ’ हा शब्द लिहू नका. डब्यावर ‘संशोधनासाठी, रक्तसंक्रमणासाठी नाही’ अशी चिठ्ठी हवी आणि हा डबा रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये कधीही जाता कामा नये, अगदी एका रात्रीपुरताही नाही.

रक्ताचे नमुने आणि पिशव्या पूर्वप्रक्रिया करून पिवळ्या पिशवीत, टिप आणि प्लास्टिक ट्यूब लाल पिशवीत, काचपट्ट्या निळ्या खोक्यात, सुया पांढऱ्या डब्यात. ड्रॅबकिनचा कचरा यांतल्या कशातही टाकू नका. त्याची वेगळी, लेबल लावलेली बाटली ठेवा आणि ती कोणाकडे द्यायची, हे संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला प्रयोग सुरू करण्याआधीच विचारून घ्या.